चुन्याची निवळी आणि प्रवाळांची पेटी

‘सामू खाली आलाय, काय घालू?’ घरी खाऱ्या पाण्याची पेटी ठेवून तीत प्रवाळ जगवणाऱ्या माणसाच्या तोंडी हा प्रश्न कधी ना कधी येतोच. दुकानदार फळीवरची बाटली काढून देतो. बाटलीवर सामू वाढवण्याचे आश्वासन असते. पाण्यात दोन झाकणे ओतली की तासाभरात आकडा वर चढतो, माणूस निश्चिंत होऊन झोपतो, आणि सकाळी आकडा पुन्हा होता तिथेच. मग आणखी दोन झाकणे. महिन्याभराने हीटरवर पांढरी खरड बसते, पंप घरघरू लागतो आणि प्रवाळांची टोके पांढरी पडू लागतात.

या प्रश्नातला ‘काय घालू’ हा भाग तपासून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. मी रसायनशास्त्राचा पदवीधर नाही. जे काही समजले ते वाचून, मोजून आणि जाणत्यांना विचारून समजले आहे. त्यामुळे समीकरणे न मांडता बोलणे मला सोयीचे आहे. वाचकांनाही ते गैरसोयीचे होऊ नये.

सामू म्हणजे काय

‘सामू’ हा शब्द आपल्याकडे शेतकऱ्यांनी रुळवला. माती परीक्षणाच्या अहवालात तो असतो आणि पाठ्यपुस्तकांतही. इंग्रजीत ज्याला पीएच म्हणतात तोच हा. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत काम करणाऱ्या सोरेन सोरेन्सन या डॅनिश रसायनशास्त्रज्ञाने १९०९ साली हे माप सुचवले. ही प्रयोगशाळा एका बिअर कारखान्याने उभारलेली होती. पाण्यात हायड्रोजनचे आयन किती, याचे हे मोजमाप. आयन जास्त, तर पाणी आम्लाकडे झुकलेले आणि सामू कमी. सात हा मधला आकडा. लिंबाचा रस दोन-अडीचच्या घरात, तर चुन्याची निवळी बाराच्या पुढे.

या मापाची एक खोच लक्षात ठेवावी लागते. त्याच्या पायऱ्या सारख्या नसतात; एक अंक खाली म्हणजे हायड्रोजनचे आयन दहापट. खुल्या समुद्राचा वरचा थर आज सरासरी ८.१च्या आसपास आहे. पेटीतला आकडा ८.२ वरून ७.८ झाला तर ऐकायला चार दशांशांचा फरक वाटतो. प्रत्यक्षात आयन अडीचपट झालेले असतात. प्रवाळाला हा फरक जाणवतो. त्याचा सांगाडा ॲरागोनाइटचा, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा असतो. हा सांगाडा रचताना प्रवाळ आपल्या त्वचेखालच्या द्रवातून हायड्रोजनचे आयन सतत बाहेर ढकलत असतो. बाहेरच्या पाण्यातच ते जास्त झाले, की ढकलायला अधिक शक्ती लागते. प्रवाळ लगेच मरत नाही, पण वाढ मंदावते. शक्ती तिकडे खर्च झाल्याने दुखापत भरून काढणेही त्याला जड जाते.

असे असले तरी प्रत्येक उतरत्या आकड्याने घाबरण्याचे कारण नाही. अनुभवी मंडळी ७.८ ते ८.५ या टप्प्यात पेटी असेल तर फारशी काळजी करत नाहीत. दिवस-रात्रीचा चढ-उतार तर असणारच. प्रवाळांच्या ऊतींत राहणारी सूक्ष्म शैवाले दिव्याच्या उजेडात कार्बन डायऑक्साइड शोषतात, त्यामुळे संध्याकाळपर्यंत सामू चढतो. दिवे मालवले की शोषणे थांबते, श्वसन मात्र सगळ्यांचे चालूच राहते. म्हणून सामू सर्वांत खाली असतो तो पहाटे, दिवे लागण्याच्या आधी. कुणी ‘माझ्या पेटीचा सामू ७.९ आहे’ असे सांगितले तर पहिला प्रश्न ‘किती वाजता मोजला?’ हाच असला पाहिजे.

दोघांच्या ओढाताणीतला आकडा

समुद्राच्या पाण्याचा सामू मुख्यतः दोन गोष्टींच्या ओढाताणीतून ठरतो. एक अल्कलिनिटी. म्हणजे पाण्यातली आम्ल पचवण्याची ताकद; ती प्रामुख्याने विरघळलेल्या बायकार्बोनेट आणि कार्बोनेटमधून येते. मत्स्यपालक ती डीकेएच या जर्मन एककात मोजतात. निसर्गातल्या समुद्राची अल्कलिनिटी सातच्या आसपास असते. पेट्यांत सात ते अकरा ठेवतात. दुसरी गोष्ट पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे कर्बवायू. हा पाण्यात गेला की त्याचे सौम्य आम्ल होते. पहिली बाजू सामू वर ओढते, दुसरी खाली.

गफलत होते ती इथेच. सामू कमी दिसला की माणूस समजतो, पाण्यात काहीतरी कमी पडले आहे. कधी खरोखरच पडलेले असते. प्रवाळ, शंख आणि काचेवर-दगडांवर चढणारे गुलाबी चुनखडी शैवाल रोज कॅल्शियम आणि कार्बोनेट खेचून घेतात. भरपाई झाली नाही तर अल्कलिनिटी घसरते आणि सामूही. पण अल्कलिनिटी आठ-नऊ असूनही सामू ७.७ वर रेंगाळत असेल, तर कमी काहीच पडलेले नाही. उलट कर्बवायू जास्त झालेला आहे. अशा वेळी बाटलीतला क्षार ओतणे म्हणजे धुराने डोळे चुरचुरताहेत म्हणून काजळ घालणे. धूर तसाच राहतो.

हिशेब करून पाहता येतो. ढोबळमानाने सामू हा अल्कलिनिटी आणि कर्बवायू यांच्या गुणोत्तरावर चालतो. कर्बवायू दुप्पट झाला तर सामू पाव अंकाने किंवा थोडा अधिक उतरतो, ८.१ चा ७.८ होतो. आता कर्बवायूला हात न लावता केवळ क्षार घालून तो ८.१ वर परत आणायचा, तर अल्कलिनिटीही जवळजवळ दुप्पट करावी लागेल. सात असेल तर चौदा. एवढी अल्कलिनिटी आणि लिटरमागे ४२० मिलिग्रॅम कॅल्शियम एकत्र आले की दोघे पाण्यात विरघळून राहायला तयार नसतात. ते कॅल्शियम कार्बोनेट होऊन, जिथे ऊब असेल तिथे, म्हणजे हीटरवर आणि पंपाच्या आत, जमू लागतात. सुरुवातीला सांगितलेली पांढरी खरड ती हीच.

कर्बवायू येतो कुठून

पेटीतल्या जिवांच्या श्वसनातून येतो, उरलेले अन्न कुजण्यातून येतो. पण पेटीतले पाणी वर हवेशी जोडलेले असते, आणि पुरेसा वेळ मिळाला की पाण्यातला कर्बवायू हवेतल्या कर्बवायूशी जुळवून घेतो. म्हणून पेटीचा सामू पाहायचा तर ती ज्या खोलीत आहे त्या खोलीची हवा पाहिली पाहिजे.

शहरातल्या घरात छोटी पेटी बहुधा बेडरूममध्ये किंवा बंद दिवाणखान्यात असते. पाण्याचे तापमान २५-२६ अंशांवर ठेवायचे म्हणून उन्हाळाभर एसी चालू, दारे-खिडक्या बंद. आपल्याकडचा भिंतीवरचा एसी बाहेरची ताजी हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. समजा, खोली दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंच आहे. तीत साधारण ३४,००० लिटर हवा मावते. झोपलेला प्रौढ माणूस तासाला बाराएक लिटर कर्बवायू सोडतो. दोघे असतील तर चोवीस. खोली पूर्ण बंद असेल तर दर तासाला हवेतला कर्बवायू दहा लाखांत सुमारे ७०० भागांनी वाढेल. बाहेरच्या हवेत आज एकूण प्रमाणच ४२०च्या थोडे वर आहे. दाराखालच्या फटीतून काही हवा येत-जात असल्याने प्रत्यक्षात एवढी वाढ होत नाही, पण सकाळपर्यंत प्रमाण दीड-दोन हजारांवर जाणे मुळीच अवघड नाही. अशा खोलीतल्या पेटीचा पहाटेचा सामू ७.७ आला, तर त्यात पेटीचा दोष काय?

छोट्या पेटीत याला आणखी कारणे जोडली जातात. मासा उडी मारून बाहेर पडू नये म्हणून काचेचे घट्ट झाकण असते. खाली पाण्याची वेगळी टाकी नसते, फेस काढणारे यंत्र म्हणजे स्किमर नसतो. पृष्ठभाग आरशासारखा शांत असतो. पाण्याच्या मानाने जीव जास्त असतात. पाणी कमी, म्हणून प्रत्येक घडामोडीचा झटका मोठा.

लोकांनी हे कधीच ओळखले नव्हते असे नाही. १९६१ साली जकार्ताच्या ली चिन एंग यांनी आपल्या खाऱ्या पाण्याच्या पेटीची पद्धत एका अमेरिकी मासिकात मांडली. समुद्रातले जिवंत दगड, समुद्राचे पाणी, ऊन आणि हवेचे बुडबुडे, एवढीच त्यांची सामग्री. महागड्या यंत्रांच्या काळात ही पद्धत मागे पडली आणि पुढे जिवंत दगडांच्या रूपाने परत आली. तिच्यातल्या बुडबुड्यांकडे मात्र त्या मानाने कमी लक्ष गेले.

काचेच्या घरातला समुद्र

हवा बंद केली की समुद्राचे काय होते, याचा एक प्रचंड प्रयोग अमेरिकेत होऊन गेला आहे. ॲरिझोना राज्यात ओरेकल गावाजवळ सव्वातीन एकरांच्या आसपास जागेवर काच आणि पोलाद यांचे एक हवाबंद संकुल उभारले गेले. नाव ‘बायोस्फिअर २’. पहिले बायोस्फिअर म्हणजे आपली पृथ्वी. त्यात छोटे वर्षावन होते, शेती होती आणि २५ लाख लिटरांहून मोठा समुद्र होता. त्यात कॅरिबियन समुद्रातून आणलेले प्रवाळ वाढवले होते. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली आणि दार बंद झाले. ती बाहेर आली दोन वर्षांनी.

आतल्या शेतीची माती सेंद्रिय द्रव्याने समृद्ध ठेवली होती. मातीतले जीवाणू जोमाने श्वास घेत राहिले. कर्बवायू दिवसभरातच शेकडो भागांनी वर-खाली होई आणि हिवाळ्यात, ऊन कमी पडल्यावर, बाहेरच्या कित्येक पट होई. आतल्या समुद्राचा सामू घसरू लागला आणि तिथल्या माणसांना पाण्यात सोडा मिसळत राहावे लागले. आपल्या शेजारच्या फ्लॅटमधला माणूस बाटलीचे झाकण मोजून जे करतो, तेच हे. फक्त मोजमाप लाखो लिटरांचे. खिडकी उघडणे हा उपाय त्यांना नियमानेच बंद होता.

याच काळात आतला प्राणवायू हळूहळू कमी होत गेला. हवेत २१ टक्क्यांच्या जवळ असणारा प्राणवायू १४ टक्क्यांच्या घरात आला, माणसे धापा टाकू लागली आणि जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. कोडे असे की, जीवाणूंनी एवढा प्राणवायू वापरला तर तितकाच कर्बवायू हवेत दिसायला हवा होता. दिसत होता त्याहून पुष्कळ कमी. उरलेला गेला कुठे? जेफ सेव्हरिंगहाऊस, वॉलेस ब्रोकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये उत्तर प्रसिद्ध केले. तो इमारतीच्या उघड्या काँक्रीटमध्ये शिरला होता. सिमेंटमध्ये असलेल्या कॅल्शियम हायड्रॉक्साइडने, म्हणजे भिजवलेल्या चुन्याने, तो शोषून कॅल्शियम कार्बोनेट केले होते.

एका बाजूला माती कर्बवायू सोडत होती, दुसऱ्या बाजूला भिंती तो गिळत होत्या, आणि मधल्या समुद्रातले प्रवाळ त्या हवेशी जुळवून घेत जगत होते. पुढे १९९६ पासून कोलंबिया विद्यापीठाने हे संकुल चालवायला घेतले. त्याच समुद्रात ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी पाण्यातले कार्बोनेटचे प्रमाण मुद्दाम बदलून पाहिले आणि २००० साली दाखवून दिले की कार्बोनेट कमी झाले की प्रवाळवस्तीची सांगाडा रचण्याची गती कमी होते. कर्बवायू वाढला की पाण्यातले कार्बोनेट घटते. फसलेला म्हणून हिणवलेला प्रयोग प्रवाळांविषयीच्या एका महत्त्वाच्या ज्ञानाची जागा ठरला.

आधी निदान

आता आपल्या पन्नास-साठ लिटरांच्या पेटीकडे येऊ. पहिली पायरी मोजमापाची. विजेवर चालणारा सामूमापक दर महिन्याला ७ आणि १० या प्रमाणित द्रावणांवर जुळवून घ्यावा. न जुळवलेला मापक दोन-तीन दशांशांनी सहज चुकतो. रंग पाहून मोजायचे संच दिवसाच्या उजेडात वाचावेत. त्यानंतर अल्कलिनिटी मोजावी. ती सातच्या खाली असेल तर आधी ती सावकाश वर आणावी. त्यासाठी खाण्याचा सोडा पुरतो. साठ लिटर पाण्यात एक डीकेएच वाढवायला १.८ ग्रॅमच्या आसपास लागतो. तो गोड्या पाण्यात विरघळवून, दिवसाला एकाहून जास्त अंक न चढवता घालावा. खाण्याच्या सोड्याने अल्कलिनिटी वाढते, सामू मात्र लगेच वाढत नाही, थोडा उतरतोसुद्धा.

अल्कलिनिटी ठीक असेल तर एक साधी चाचणी करावी. पेटीतले पाणी तांब्याभर काढून त्याचा सामू मोजावा. तो तांब्या गॅलरीत ठेवून छोट्या पंपाने तासभर बाहेरच्या हवेचे बुडबुडे सोडावेत आणि पुन्हा मोजावा. सामू चांगला चढला, तर पाण्यात कर्बवायू जास्त होता. मग दुसरा तांब्या घेऊन हेच घरात, खोलीच्या हवेने करावे. घरातही तितकाच चढला, तर खोली निर्दोष आहे. पेटीत हवा पुरेशी खेळत नाही. गॅलरीत चढला आणि घरात चढला नाही, तर दोष खोलीच्या हवेचा. दोन तांबे, एक पंप आणि दोन तासांत बहुतेक वेळा निदान होते.

उपाय, क्रमाने

पेटीत हवा खेळत नसेल तर पंपाचे तोंड पृष्ठभागाकडे वळवून पाणी हलते ठेवावे आणि काचेच्या झाकणाऐवजी जाळी लावावी. दोष खोलीचा असेल तर खिडकी उघडावी. रात्री एसी लावावाच लागत असेल तर हवेचा पंप गॅलरीत ठेवून बारीक नळीने बाहेरची हवा पेटीत आणावी. पंप पाण्याच्या पातळीहून उंच ठेवावा किंवा नळीत उलट प्रवाह रोखणारी झडप बसवावी, म्हणजे वीज गेल्यावर पाणी उलटे वाहणार नाही. स्किमर असेल तर त्याची हवेची नळीही बाहेर नेता येते. दिवाळीच्या दिवसांत मात्र थोडी काळजी घ्यावी. फटाक्यांचा धूर, ताज्या रंगाची वाफ, डासांची कॉइल हे सगळे याच नळीने पाण्यात जाऊ शकते. लक्ष्मीपूजनाच्या रात्री ती नळी बंद ठेवलेली बरी.

बाहेरची हवा आणणे शक्यच नसेल, तर हवेच्या वाटेवर सोडा-लाइमच्या दाण्यांची नळी बसवतात. शस्त्रक्रियेत भूल देण्याच्या यंत्रात रुग्णाच्या उच्छ्वासातला कर्बवायू शोषायला हेच दाणे वापरतात. त्यांचा मुख्य घटक पुन्हा चुनाच. ते संपत आले की रंग बदलतात आणि बदलावे लागतात. त्यामुळे हा उपाय खर्चिक आहे. दुसरा मार्ग शैवालाचा. पेटीच्या मागे वेगळ्या कप्प्यात दाट, तंतुमय हिरवे शैवाल वाढवायचे आणि तिथला दिवा रात्री लावायचा. पेटी अंधारात असताना ते कर्बवायू शोषते आणि पहाटेची घसरण थोपवते.

हे सारे केल्यावरही सामू कमी राहत असेल आणि प्रवाळ कॅल्शियम खात असतील, तर चुन्याची निवळी वापरावी. आधुनिक मत्स्यपालनात तिचे नाव ‘काल्कवासर’. जर्मन भाषेत याचा अर्थ चुन्याचे पाणी. पेटर विल्केन्स यांनी १९७०च्या दशकात ती प्रवाळपालकांत रूढ केली, आणि हे जर्मन नाव घेऊन ती आपल्याकडच्या दुकानांत महागड्या डब्यांतून आली. आपल्याला ती अनोळखी नाही. चुना पाण्यात ढवळून ठेवायचा, गाळ बसू द्यायचा आणि वरचे नितळ पाणी काढून घ्यायचे, ती निवळी. जुन्या घरांत तान्ह्या मुलांच्या पोटदुखीवर तिचे थेंब देत. शाळेत नळीतून निवळीत फुंकर मारायची आणि ती दुधाळ झालेली पाहायची, हा प्रयोग आपल्यापैकी अनेकांनी केला आहे. उच्छ्वासाने निवळी अशी गढूळ होते, हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर दाखवले होते.

प्रवाळपेटीत निवळी दोन कामे एकाच वेळी करते. तिच्यातले हायड्रॉक्साइड पाण्यातल्या जादा कर्बवायूला धरून त्याचे बायकार्बोनेट आणि कार्बोनेट करते. म्हणजे जे नको होते त्याचेच हवे असलेले द्रव्य होते. शिवाय कॅल्शियमही मिळते. एक लिटर पाण्यात कॅल्शियम हायड्रॉक्साइड दीड ग्रॅमच्या आसपासच विरघळते. उरलेले तळाशी बसते, ते ढवळून पेटीत घालू नये. पानाच्या टपरीवरचा किंवा सफेदीचा चुना वापरू नये, कारण त्यात काय मिसळले आहे याचा भरवसा नसतो. शुद्ध कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्यावे. मुलांच्या हाती लागणार नाही असे ठेवावे, डोळ्यांत उडू देऊ नये.

छोट्या पेटीत सर्वांत मोठा धोका घाईचा. साठ लिटरांच्या पेटीत एक लिटर संपृक्त निवळी म्हणजे सुमारे दोन डीकेएचची भर. ती एकदम ओतली तर काही मिनिटांत सामू अर्ध्या अंकाहून अधिक उडी मारतो. हीच निवळी सलाइनसारखी थेंब-थेंब रात्रभर सोडली, तर तेवढीच भर पेटी शांतपणे पचवते. दिवसभरात जेवढे पाणी वाफ होऊन जाते तेवढीच निवळी घालावी, आणि अल्कलिनिटी दर दोन-तीन दिवसांनी मोजून प्रमाण ठरवावे. सुरुवात पातळ निवळीने करावी.

खिडकी नसलेला समुद्र

एवढा खटाटोप कशासाठी, असे कुणी विचारील. एक उत्तर कायद्यात आहे. भारतात सर्व कठीण प्रवाळांना २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, स्थान मिळाले. मालवणच्या खडकांवरून बोटभर तुकडा उचलून पेटीत ठेवणे हा गुन्हा आहे. आपल्या पेटीत बहुधा मऊ प्रवाळ असतात. त्यांचाही मूळ समुद्र कुठेतरी आहेच. जो जीव आपण समुद्रातून काढून बंद खोलीत आणला, त्याच्या हवेची जबाबदारी आपल्यावर येते.

दुसरे उत्तर त्या समुद्राकडून येते. चार्ल्स कीलिंग यांनी १९५८ साली हवाईच्या मौना लोआवर हवेतला कर्बवायू नियमित मोजायला घेतला, तेव्हा तो दहा लाखांत ३१५ भागांच्या आसपास होता. कारखान्यांच्या युगापूर्वी २८० होता. आज ४२०च्या वर आहे. समुद्र त्याच्याशी जुळवून घेत आहे, जशी आपली पेटी खोलीशी घेते. समुद्राच्या वरच्या थराचा सामू त्या काळापासून एक दशांशाने उतरला. म्हणजे हायड्रोजनचे आयन एक चतुर्थांशाहून अधिक वाढले. मालवणच्या सागरी अभयारण्यातले प्रवाळ, विजयदुर्गपासून शंभर किलोमीटरांवर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवरचे प्रवाळ, यांना या हवेपासून वेगळे ठेवण्याची सोय नाही. तिथे बाहेरची हवा म्हणून दुसरी हवाच नाही, आणि रात्रभर थेंब-थेंब सोडण्याइतकी निवळी कुणाजवळ नाही.

या दिवाळीत गावाकडे अजून काही घरांत भिंतींना चुना लागेल. ओला असताना तो मळकट दिसतो. मग खोलीतल्या हवेतला कर्बवायू शोषत वाळतो आणि पांढराशुभ्र, कडक होतो. कोकणात आणि गोव्यात हा चुना एके काळी शिंपले भाजून करत. शिंपल्याने समुद्रातून जमवलेले कॅल्शियम कार्बोनेट भट्टीत कर्बवायू सोडून चुना होते आणि भिंतीवर तोच वायू परत घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट होते. प्रवाळाच्या पेटीतला सामू याच देवाणघेवाणीचा एक आकडा आहे. तो खाली गेलेला दिसला तर बाटली उघडण्याआधी अल्कलिनिटी मोजावी, दोन तांबे पाणी काढून चाचणी घ्यावी आणि खोलीची एक खिडकी उघडून पाहावी. झोपणाऱ्यांनाही ती हवा लागतच असते.